आईचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता

आईला शोधत मी फिरत होते, तेव्हा ती कुठं आहे हे माझ्याच माणसांपैकी काहींना माहीत होतं. मला ते फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र एवढा संताप आला की हातातली पिशवी मी रस्त्यावरच आपटली आणि आतली वांगी गोळा करत बसले.

माझं सासर कामरगाव. माहेर धनजच्या पलीकडे आत असलेलं एक लहानसं खेडं. नवरा बी-बियाण्यांच्या दुकानात नोकरीला, मी घरी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. आई माझ्याकडे फारशी यायची नाही. शेतातून सवड नाही, असं म्हणायची. मीच महिन्या-दोन महिन्यांनी जीपनं जाऊन यायची.

तुरीची सोंगणी चालू होती. भर शिकवणीत भावाचा फोन आला.

"आई तिकडं आली काय?"

"नाही. काहून?"

"काई नाही. मोटारीचा पाना सापडून नाही राह्यला. तिले मालूम असन."

मी फोन ठेवला आणि पोरांना पुढचं गणित घातलं. संध्याकाळी त्याचा परत फोन आला तेव्हा पान्याचा विषय निघाला नाही. आई सकाळी सगळ्यांचा चहा करून, भाकरी फडक्यात बांधून वावरात जाते म्हणून निघाली होती आणि वावरात पोचलीच नव्हती. तिचा साधा फोन देवळीत होता, चार्जिंगला लावलेला. दोन लुगडी आणि बाहेरगावी जायची पिशवी जागेवर नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं गेले. वहिनी दारातच रडायला लागली. लग्न होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. आपल्यावरच येणार, या भीतीनं ती अर्धी झाली होती. "ताई, मी काईच नाही बोलली त्यायले. देवाशपथ." ती खरं बोलत होती. त्या घरात कुणीच कुणाला काही बोललं नव्हतं. भांडण नाही, मारहाण नाही. बाबा दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"येईन तुही आई," ते म्हणाले. "जाऊन जाऊन जाईन कोठी?"

मी पोलिसांत जाऊ म्हटलं. भाऊ उसळला. "अन् गावात तोंड काय दाखवाचं? लोकं काय काय जोडतीन त्याच्यात?" तोवर त्यांनी गावात सांगूनही टाकलं होतं की आई लेकीकडे गेली, कामरगावला. लेकीची तब्येत बरी नाही म्हणून.

म्हणजे आई माझ्या घरी होती. कामरगावच्या बाजाराला माहेरचं कुणी आलं की मला गाठून विचारायचं, "बरी हाये काय आई? अन् तू कशी हायेस आता?" मी म्हणायची, बरी आहे. मीही बरी आहे. एकजणी तर आईसाठी म्हणून हरभऱ्याची भाजी ठेवून गेली. ती निवडताना मी रडले, आणि तीच भाजी नवऱ्याच्या ताटात वाढली. लपवणारे माझे वडील आणि भाऊ, आणि खोटं बोलायची पाळी रोज माझ्यावर. याचा राग मी कुणावर काढणार? पोरांवर काढायची. शुद्धलेखनाच्या एका चुकीला शब्द पानभर लिहायला लावायची.

सगळ्यात आधी मी मामाकडे गेले. मामाचं गाव मूर्तिजापूरकडं. मामा अबोल, पण मामी आणि आई लग्नाआधीच्या मैत्रिणी, एकाच गावच्या. मामीला माहीत नसेल तर कुणालाच नसणार, अशी माझी खात्री होती. मामीनं पाटोडीची रस्सेदार भाजी केली, मला आग्रह करून वाढलं, माझ्या केसांना तेल लावलं.

"मामी, तुले काई बोलली असन ना ते?"

"मले काय मालूम व?" मामी माझ्या डोक्यात बोटं फिरवत म्हणाली. "सापडन. मोठी बाई हाय ते. लहान लेकरू हाय काय?"

मी तिच्या आवाजात काहीतरी शोधत होते आणि मला काहीच सापडलं नाही. निघताना तिनं माझी ओटी भरली. पुढे कळलं की त्याच आठवड्यात मामीनं आईला लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली होती.

मग माहेरच्या एकानं सांगितलं की बडनेऱ्याच्या पुढं एका वीटभट्टीवर आईसारखी बाई दिसली. आमच्या भागातल्या वस्त्यांवरची माणसं तुरी निघाल्या की भट्ट्यांवर जातात, जोडीनं, लेकरंबाळं घेऊन. आई तिथं कशाला जाईल, हा विचार मनात आला होता, पण मी गेले. नवऱ्यानं गाडीवर नेलं. लांबून ती बाई खरंच आईसारखी दिसली. तेवढीच उंची, तसंच हिरवं लुगडं, विटा डोक्यावर घेताना कमरेवर हात ठेवायची तीच सवय. जवळ गेल्यावर ती माझ्यापेक्षाही लहान निघाली. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमची माय गेली कायले पन?"

हा प्रश्न मला सगळीकडे विचारला गेला. भांडण झालतं काय? नाही. बाप मारे काय? नाही. सुनेनं छळलं? नाही. डोक्यावर काही परिणाम? नाही. माझ्या प्रत्येक नाहीबरोबर समोरच्या माणसाचा रस कमी व्हायचा. कारण नसलेली बाई शोधायला कुणी मदत करत नाही. एका नातेवाइकानं तर शेवटी मलाच विचारलं, "मंग तुले नक्की मालूम हाये ना, का ते गेलीच हाय?"

त्यानंतर कुणीतरी म्हणालं, शेगावला दर्शनाच्या रांगेत दिसली. मी शेगावला गेले. डोक्यावर पदर घेतलेल्या, पाठमोऱ्या, आईच्या वयाच्या किती बाया एका रांगेत असतात ते तिथं जाऊन बघा. मी रांगेत उलट्या बाजूनं चालत गेले, एकेक चेहरा बघत. लोक चिडले. "बाई, लाइनीत या," म्हणाले. मी म्हटलं, मला दर्शन नको आहे. ते ऐकून एक आजी कानाला हात लावून बाजूला सरकल्या. मग अकोल्याचा सरकारी दवाखाना. मग अमरावतीला दूरची एक मावशी, जिच्याकडे आई आयुष्यात कधी गेली नव्हती.

यातल्या निम्म्या वेळा मी कारंजाच्या स्टँडवर गाडी बदलली. तिथल्या बाकावर बसून डबा खाल्ला. एकदा तर गाडी सुटली म्हणून वेळ घालवायला बाजारात जाऊन भाजीही घेतली.

नवरा आधी सोबत यायचा, पुढे मी एकटीच जाऊ लागले. शिकवणीची मुलं कमी झाली. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "तिला यायचं असतं तर आली असती ना." तो वाईट हेतूनं बोलला नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्याच्याशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलले. कारण तेच वाक्य माझ्याही मनात रोज यायचं आणि मी ते तोंडावर येऊ देत नव्हते.

दोन दिवाळ्या अशा गेल्या.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी मी वांगी घेऊन रस्ता ओलांडत होते, तेव्हा आमच्या बाजूची जीप चालवणारा माणूस माझ्याजवळ गाडी थांबवून म्हणाला, "ताई, आईसाठी काई द्याचं हाय काय? मी कारंजालेच चाललो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कोनाच्या आईसाठी?"

"तुमच्या. मामीनं पापड देल्ले, ते पोचवाचे हायेत. म्हटलं तुमचं काई असन तं संगंच नेतो."

तो माणूस हसत होता. त्याला वाटत होतं की मला माहीत आहे. लेकीला माहीत नसेल, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. वर्षभर तो मामीच्या वस्तू मूर्तिजापूरच्या गाडीवरून घेऊन कारंजात पोचवत होता, आणि माझ्याच घरासमोरून जात होता. पिशवी आपटली ती इथं. तो बिचारा घाबरून खाली उतरला आणि माझ्याबरोबर वांगी वेचू लागला.

मी त्याच जीपमधे बसले. घरी फोन केला नाही. अंगावर बाजाराचीच साडी, पायात घरातल्या चपला.

कारंजात जैनांची मंदिरं आहेत. लांबलांबून यात्रेकरू येतात. देवळांकडच्या एका गल्लीत धर्मशाळा, आणि तिच्या मागच्या बाजूला यात्रेकरूंचं भोजनालय. जीपवाल्यानं मला मागच्या फाटकातून आत नेलं, पापडाचा डबा माझ्याच हातात दिला आणि तो गेला.

आई पडवीत बसून मुगाची डाळ निवडत होती. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. मी तिला चष्म्यात कधी पाहिलं नव्हतं. घरी ती डाळ निवडताना ताट उन्हात तिरपं धरायची, डोळे बारीक करायची, आणि आम्ही कुणी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं नव्हतं. तिनं वर पाहिलं. माझ्याकडे, मग हातातल्या डब्याकडे.

"आली काय?" ती म्हणाली. "बस. येवढी डाय निवडतो अन् येतो."

आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, मी येतो, मी करतो. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. पण ती उठलीच नाही. तिनं खरोखर पूर्ण डाळ निवडली. मी खांबाला टेकून उभी राहिले.

"आई, मी तुले कोठी कोठी नाही शोधलं! तू हरवली म्हनून आमचा जीव चालला."

"हरवली कोन?" ती शांतपणे म्हणाली. "मले तं मालूम होतं मी कोठी हाय ते."

"अन् आमाले?"

"तुमाले कायले पाह्यजे होतं?"

मी खाली बसले. आत कुणीतरी तिला हाक मारली, ती उठून गेली, पोळ्यांच्या कणकेचं काही सांगून परत आली. तिची चाल बदललेली होती. घरी ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची. इथं मधून चालत होती.

"बाबानं काही केलं काय?" मी विचारलं. "मले खरं सांग."

"तुह्या बाबानं काय करावं? त्यायनं कधी हात नाही उचलला."

"वहिनी?"

"ते गरीब हाय."

"मंग काहून गेली?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. मला वाटलं, आता ती सांगेल. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं काहीतरी बाहेर येईल.

"कटाया आला होता," ती म्हणाली.

"कशाचा?"

"सबनच गोष्टीचा. सून आली, घरात चूल पाह्याले मानूस झालं. मंग म्हटलं, आता आपन कायले राहावं?"

"कंटाळा आला म्हनून कोनी घर सोडते काय?"

"मी सोडलं ना," ती म्हणाली.

मला मोठं कारण हवं होतं. एवढ्या बसगाड्या, एवढी खोटी उत्तरं, दवाखान्यात एका अनोळखी बाईच्या चेहऱ्यावरची चादर सारून पाहणं, आणि त्या सगळ्याच्या शेवटी कंटाळा. मी तिला म्हटलं, निदान मला सांगायचं होतंस. मी कुणाला बोलले नसते.

"तुले सांगतलं असतं तं तू मले घरी नेऊन सोडलं असतं."

"नसतं सोडलं!"

"सोडलं असतं. समजावून-समजावून सोडलं असतं."

या एका मुद्द्यावर आमचा वाद आजही संपलेला नाही. मी म्हणते, नसतं सोडलं. ती म्हणते, सोडलं असतं. पण त्या दिवशी याच्यानंतर ती जे बोलली, त्यानं माझा तोलच गेला.

"तू शेगावलेबी गेलती म्हनते."

"तुले कसं मालूम?"

"वैनीनं सांगतलं. अन् भट्टीवर गेलती तेबी." वैनी म्हणजे माझी मामी.

म्हणजे तिला सगळं कळत होतं. मी रांगा उलट्या चालत होते तेव्हा ती इथं डाळी शिजवत होती आणि मामीकडून माझ्या फेऱ्यांची बातमी ऐकत होती. मी ओरडले. यात्रेकरू पडवीत डोकावून पाहू लागले. "एक फोन करायचा ना! एक! मी बरी हाय, येवढंच!"

"फोन केला असता तं तू आली असती."

"आली असती तं काय झालं असतं?"

तिनं ताटातली डाळ हातानं सारखी केली. म्हणाली, "पह्यलं येक वर्स मले कोनीच नको होतं. मंग तुह्याकडं याचं म्हटलं, तं भेव वाटलं. तू अशीच वरडशीन म्हनून." मग ती उठली. "जेवून घे. इथी दिवस मावळायच्या आत सबन आटपा लागते."

मी जेवणार नाही म्हटलं आणि जेवले. घरी आईच्या हाताला कायम लसणाचा वास असायचा. ठेचा, चटणी, पिठलं, सगळ्यात मुठीनं लसूण. इथं कांदा नाही, लसूण नाही, बटाटाही नाही. दुधी भोपळ्याची भाजी होती, डाळ होती, मऊ पोळ्या होत्या. मला ते बेचव लागायला हवं होतं. लागलं नाही, आणि त्याचाही राग आला. पंगतीतली एक गुजराती बाई आईला म्हणाली, "मावशी, दाळ बहुत अच्छी बनी है." आई हसली. आमच्या घरी तिच्या डाळीला कुणी चांगलं म्हटल्याचं मला आठवेना. खारट झाली, तर मात्र तेवढं सांगितलेलं आठवतं.

तिनं मला तिची खोली दाखवली. आणखी दोघी स्वयंपाकिणींबरोबर ती राहते. एक लोखंडी पलंग, भिंतीला खुंटी, खिडकीत तुळशीची कुंडी. "दुपारी झोपतो मी," ती म्हणाली, जसं कुणी घर बांधलं म्हणून सांगावं. "दोन घंटे. कोनी उठवत नाही."

परतताना मी सरळ माहेरी गेले. मला हे सगळ्यांच्या तोंडावर फेकायचं होतं. बाबा गोठ्यात बैलाला पेंड चारत होते. भाऊ बाहेर गेला होता.

"आई सापडली," मी म्हटलं. "कारंजात हाय."

ते पेंड चारत राहिले. "हाव," म्हणाले.

"तुमाले काहीच वाटत नाही?"

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले.

ती गेली त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधीच त्यांना कळलं होतं. हरभरा विकायला कारंजाच्या मार्केटात गेले होते, तेव्हा भाजीबाजारात ती दिसली. दुधी भोपळे पारखून घेत होती. तिनंही यांना पाहिलं. दोघं थोडा वेळ समोरासमोर उभे राहिले. मग तिनं भोपळे थैलीत टाकले आणि ती निघून गेली. बाबा घरी आले आणि कुणालाही काही बोलले नाहीत.

"मले सांगतलं काहून नाही?" मी विचारलं. "मी मरमर हिंडून राह्यली होती!"

"तू इचारलं कोठी मले?" बाबा म्हणाले. "तू तं शोधून राह्यली होती."

खरोखरच मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. ओट्यावर बसून सुपारी कातरणाऱ्या माणसाला काय माहीत असणार! पण त्यांनी तरी सांगायला नको होतं? मी खूप बोलले. वहिनी दारामागे उभी राहून ऐकत होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सांगतलं असतं तं मले आनाले जा लागलं असतं. अन् ते आली नसती." एवढं बोलून ते पाणी भरायला हौदाकडे गेले. भरलेली बादली त्यांनी दोनदा हौदातच परत ओतली. मला त्यांची दया आली आणि दया आल्याबद्दल स्वतःचीच चीड आली.

भाऊ तिला आणायला गेला. मोठ्या तोऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला आणि फोनवर म्हणाला, "जेवन मस्त हाय तिथलं." मी फोन कट केला.

मामीशी मात्र मी सहा-सात महिने बोलले नाही. ती फोन करायची, मी घ्यायची नाही. एकदा ती स्वतः घरी आली. म्हणाली, "तिनं शपथ घातलती मले. लेकीची शपथ. तुहीच शपथ, पोरी. म्या कशी मोडावी?" मी तिला चहा दिला. साखर कमी पडली होती, तरी ती गोड झाला म्हणाली.

मधे मी यावर कादंबरी लिहायला घेतली. एक मुलगी आईला शोधत फिरते, एवढं सूत्र होतं आणि फिरणं तर माझ्याकडे भरपूर होतं. पण आई सापडते ते प्रकरण आलं की हात अडायचा. कंटाळा आला म्हणून गेली, असं लिहिलं की मलाच पटायचं नाही. मग मी तिला एक जुनं दुःख दिलं. ते पटलं नाही म्हणून एक गुपित दिलं. मग बाबांना जरा वाईट केलं. ते कागदावर वाईट झाले की मला त्यांची बादली आठवायची. वर्षभर खाडाखोड करून मी आईला सांगितलं की तुझ्यावर लिहिते आहे.

ती कणीक मळत होती. "त्याच्यात मी रडतो काय?" तिनं विचारलं.

"हो. शेवटी रडतेस. मला मिठी मारून."

"मंग ते मी नोहो," ती म्हणाली, आणि कणकेवर ओलं फडकं टाकलं.

ते बाड मी आता काढतही नाही.

आता मी महिन्यातून एकदा कारंजाला जाते. ती मला पडवीत बसवते, काय खाल्लं विचारते, आणि कामाला निघून जाते. बोलायला जेमतेम चहा पिण्याएवढा वेळ मिळतो. कधी मी घरी येऊन नवऱ्यापुढे तक्रार करते, की हिला माझ्यासाठी वेळच नाही. तो म्हणतो, "आधीही नव्हता ना, शेतामुळं." खरं आहे. पण तेव्हा ते मला खुपत नव्हतं. तेव्हा आई कामात असणं म्हणजे आई असणं, असंच वाटायचं.

गेल्या भादव्यात मी महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिला बोलावलं. येईल असं वाटलं नव्हतं, पण सकाळच्या एसटीनं आली. कोरं लुगडं, चष्मा, डोक्याला तेल. स्वयंपाकघरात माझी तारांबळ उडाली होती. सोळा भाज्यांची मिसळ, पुरण, आंबील, सगळं एकदम शेगड्यांवर. मला वाटलं, ती पदर खोचून आत येईल. ती बैठकीतल्या खुर्चीवर बसली.

"आई, जरा पुरन पाह्य ना व."

"आज मी पावनी हाय," ती म्हणाली. "तू पाह्य."

पुरण खाली लागलं. मी दात आवळून वरचं वर काढून घेतलं.

बाबांनाही मीच बोलावलं होतं. दोघांना एकमेकांबद्दल सांगितलं नव्हतं. हे बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. दोन वर्षं सगळ्यांनी माझ्यापासून लपवलं, तर एक दिवस मीही लपवलं. बाबा आले, दारात चपला काढताना त्यांना ती दिसली. पानं मांडली तेव्हा ते तिच्यासमोरच्या पाटावर बसले. मी वाढायच्या निमित्तानं दारातच घुटमळत होते. इतक्या दिवसांनी समोरासमोर बसलेत, काहीतरी बोलतीलच.

"तुरी कशा हायेत?" आईनं विचारलं.

"बऱ्या हायेत."

"धुऱ्याकडच्या, बांधाला लागून हायेत त्या?"

"त्या गेल्या. पानी साचलं."

"दरसालचं हाय ते तिथी," आई म्हणाली. "चर खंदा लागते."

"हाव."

एवढंच. पुढे सगळं जेवण मुकाट्यानं झालं. मी तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. एकदा घराचा, एकदा वहिनीला दिवस गेल्याचा, एकदा सरळच म्हटलं की तुमी दोघं काही बोला तरी. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं घरातलं लेकरू पाहुण्यांपुढे हट्ट करतं आहे.

चार वाजता आई उठली. बाबाही उठले. "गाडीवर सोडून देऊ काय?" त्यांनी विचारलं. भावाची मोटारसायकल घेऊन आले होते.

"बस हाय ना," आई म्हणाली.

ती चालत समोरच्या स्टँडकडे निघाली. बाबा गाडी ढकलत तिच्यामागं निघाले, सुरू न करताच. मी फाटकातून बघत राहिले. बसला उशीर होता. ती निंबाखाली उभी राहिली, ते गाडी बाजूला लावून तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. बोलत होते. नक्की बोलत होते, कारण एकदा बाबांनी हात पसरून काहीतरी दाखवलं आणि आई मान हलवून नाही म्हणाली. घरातून नवऱ्यानं हाक मारली म्हणून मी आत गेले, आणि परत येऊन पाहिलं तेव्हा बस निघून गेली होती आणि बाबाही.

काय बोलले, ते मी दोघांनाही विचारलं. आईला पुढच्या भेटीत, बाबांना फोनवर.

"काई नाही," आई म्हणाली.

"कशाचं काय?" बाबा म्हणाले.

मी फोन ठेवला. लागलेल्या पुरणाचं पातेलं तळाशी अजून काळंच होतं, ते घेऊन मोरीत बसले आणि तारेच्या घासणीनं बोटं दुखेपर्यंत घासत राहिले.